साहेबराव अहिवळे यांचा कप

बारामती एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत साहेबराव अहिवळे कंजूष म्हणून ओळखले जात, आणि ही ख्याती त्यांनी स्वतः खपून मिळवली होती. घरात चिनीमातीची साधी बशीही त्यांनी टिकू दिली नव्हती. सून राजेश्वरी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या इंदापूरच्या मामाने हौसेने कपबश्यांचा सेट दिला होता. साहेबरावांनी तो खोका उघडूही दिला नाही. "फुटतंय ते. पैसा पान्यात," एवढं म्हणून त्यांनी तो माळ्यावर टाकला. मामा बिचारा पुढे जेव्हा जेव्हा आला तेव्हा आपण दिलेल्या कपाची वाट बघत बसला आणि स्टीलच्या कपातला चहा पिऊन परत गेला. स्टीलच्या कपाने ओठ भाजतात हे काय साहेबरावांना कळत नव्हतं? पण त्या घरात तलाठी येवो, भंगारवाला येवो, सगळ्यांना तोच कप मिळायचा आणि सगळ्यांचे ओठ सारखेच भाजायचे.

बाकी माणूस हाताचा सढळ. कंजूषपणाच्या आरोपाशी हे जुळत नाही, पण वस्तीला त्याचं काही पडलेलं नव्हतं. कुणाच्या घरात आजारपण निघालं की साहेबराव सायकलला डबा अडकवून दवाखान्यात हजर. सगळी नोकरी त्यांनी दूध प्रकल्पात काढली, कॅन धुवायच्या यंत्रावर. तिथे त्यांच्या जोडीला कऱ्हाटीचा गेणबा होता. गेणबा मराठा, घरचा ऊस, पाण्याची सोय, तरी नोकरीला चिकटलेला, कारण घरी बसलं की भाऊबंद भांडायला येतात असं त्याचं म्हणणं. दोघांनी वर्षानुवर्षं डबे अदलाबदल करून खाल्ले आणि एकमेकांच्या पोरांच्या लग्नांत पंगती वाढल्या. निवृत्तीनंतरही गेणबा आपली जुनी मोटरसायकल काढून दर आठवड्याला यायचा आणि साखर कारखान्याच्या ऊसभावावरून साहेबरावांशी कडकडून भांडून जायचा.

चिनीमातीचं खरं कारण मात्र साहेबरावांनी गेणबालाही सांगितलं नव्हतं, मुलाला नाही, सुनेला नाही. बायकोला एकदा सांगितलं होतं, आणि ती आता राहिली नव्हती.

साहेबराव लहान असताना त्यांचं बिऱ्हाड नीरेकाठच्या एका गावात होतं. घराने बुद्ध धम्म घेतला होता, गावकीची हलकी कामं सोडली होती, पण मजुरीला जायचं ते त्याच मळ्यावर. मळ्यातल्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात दोन चिनीमातीचे कप उपडे घातलेले असत, एक बापाचा आणि एक पोराचा. चहाच्या वेळी आपला कप आपण काढायचा, जमिनीवर ठेवायचा, मग मालकीणबाई वरून चहा ओतणार. पिऊन झालं की आपणच धुवायचा आणि परत कोनाड्यात पालथा घालायचा. घरचे लोक ओसरीवर पितळेच्या भांड्यातून प्यायचे. पोराच्या कपाला कान नव्हता, पण पोटावर हिरवी वेल होती.

त्या पोराला यातलं काय कळणार! त्याला वाटायचं, एवढ्या मोठ्या मळ्यावर आपला स्वतःचा एक कप आहे आणि दुसरं कुणी त्याला बोटसुद्धा लावत नाही. शाळेत तो फुशारकी मारायचा. एकदा घरी येताना बापाला म्हणाला, "दादा, माजा कप लई भारी हाय, न्हाय का?" बापाने पोरावर कधी हात टाकला नव्हता, त्या दिवशी टाकला. "त्यो तुजा न्हाय," बाप म्हणाला. "त्यो तुज्यासाठी येगळा ठिवलाय." मार पोराला लागला आणि रडला बाप. बांधावर बसून तोंडाला उपरणं लावून रडला. पोराला कोनाड्याचा अर्थ त्या संध्याकाळी कळला तो कायमचा.

आता एवढी गोष्ट मुलाबाळांना सांगायला काय हरकत होती, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याचं काय जातं! साहेबरावांचा हिशेब सरळ होता. आपली मान खाली गेली ती गेली, नातीची कशाला खाली घालायची? मुलगा दीपक इंदापूरला पंचायत समितीत कारकून झाला, नात पिंकी बारामतीच्या कॉलेजात बी.कॉम. झाली, ताठ मानेने बुलेटवर बसून हिंडायला लागली. तिला कोनाडा ठाऊक नव्हता आणि तो ठाऊक होऊ नये यासाठी साहेबराव कंजूष म्हणवून घ्यायला एका पायावर तयार होते.

पण नशिबाची थट्टा बघा. त्या पिंकीने पोटापाण्याला निवडलं काय, तर कपबश्या रंगवणं.

त्याचं झालं असं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इटलीचा एक इंजिनीअर आला होता. त्याच्या बायकोचं नाव दोनातेल्ला, पण इथल्या बायकांनी आठवड्याभरात तिची दोनाताई करून टाकली. इटलीतलं तिचं गाव कुंभारांचंच, घरटी भट्टी आणि घरटी एकजण तरी ब्रश धरणारा. बंगल्यात बसून बाईला कंटाळा आला. तिने एक बंद पडलेली शेड भाड्याने घेतली, विजेची भट्टी बसवली, आसपासच्या पाच-सहा बायका जमवल्या आणि त्यांना आपल्या माहेरची विद्या शिकवली. ताट, वाडगे, जग, फुलदाण्या, भिंतीवरच्या फरश्या, सगळं हाताने घडवायचं आणि हाताने रंगवायचं. नक्षी इटलीची, माती गुजरातची, हात बारामतीचा. माल जायचा पुण्या-मुंबईला. तिकडे पाण्याच्या जगवर कोंबडा काढायची रीत आहे. दोनाताईने नमुना दिला तो नाजूक, मान वळवून बघणारा कोंबडा होता. बायकांनी काढला तो तुरा ताठ, छाती पुढे, आता कुणाच्या तरी अंगावर जाणार असा गावरान. दोनाताई पोट धरून हसली आणि म्हणाली, हाच राहू दे. गिऱ्हाइकंही तोच मागू लागली.

पिंकी तिथे गेली होती बिलं बनवायला. बसल्या बसल्या ब्रश हातात घेतला आणि मग बिलं राहिली बाजूला. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. भाजलेलं भांडं पांढऱ्या लेपात बुचकळतात, तो लेप वाळला की पिठासारखा होतो, आणि त्यावर रंगवायचं. ब्रश टेकला की रंग आत गेलाच. खोडता येत नाही, पुसता येत नाही, हात थरथरला की भांडं वाया. पिंकीचा हात थरथरत नव्हता. दोनाताई तिला बाजूला घेऊन शिकवू लागली. पुढे, येत्या दिवाळीनंतर आपल्या नवऱ्याची बदली होणार असं कळलं तेव्हा ती म्हणाली, ही शेड तू चालव. भट्टी तुझी, नमुने तुझे, मी तिकडून माल घेईन.

पिंकीने होकार देण्याआधी एकच गोष्ट मनाशी धरली होती. आबांनी एकदा म्हणावं, चांगलं करतीस. साहेबराव ते म्हणत नव्हते. ते शेडमध्ये पाऊल ठेवत नव्हते. ती घरी आणलेलं ताट दाखवायची तेव्हा ते पेपरातून मान वर न करता "हं" म्हणायचे. "एवडं शिकून कपबश्या रंगीवतीस?" एवढंच एकदा बोलले. ताटावरची पिवळी-निळी नक्षी त्यांना आवडली होती, हे नाकारून काय उपयोग? पण हात पुढे होत नव्हता.

एक जूनला साहेबरावांना पंचाहत्तर वर्षं झाली. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर झाली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी तारीख ठोकून दिली तीच खरी, त्या भागातले निम्मे म्हातारे एक जूनलाच जन्मलेले आहेत. दीपकने दारात मांडव घातला. वस्तीतले लोक आले, दूध प्रकल्पातले जुने सोबती आले, गेणबा धुतलेला फेटा बांधून पहिल्या खुर्चीवर बसला. दोनाताई साडी नेसून आली आणि साडी सावरण्यातच तिचा निम्मा वेळ गेला. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. मग पिंकीने हातात एक खोका घेतला आणि ती आबांसमोर उभी राहिली.

खोक्यातून निघाला कप. पांढराशुभ्र, कडेला निळी वेलबुट्टी, मधे पिवळी डाळिंबं, आणि पोटावर ठसठशीत देवनागरीत नाव, साहेबराव. मांडवात कौतुकाची लाट उठली. दोनाताईने टाळ्या वाजवल्या. दोनाताईकडे लहानपणचा असाच एक कप होता, तिच्या आजोबांनी रंगवलेला. तिच्या घरी प्रत्येकाचा नावाचा कप असतो, आणि तो दुसरं कुणी वापरत नाही. ही रीत ऐकली तेव्हाच पिंकीच्या मनात बसली होती.

राजेश्वरीने बाकी सगळ्यांना स्टीलचे कप दिले आणि आबांचा चहा त्या नव्या कपात ओतला. पिंकीला काय बोलू आणि काय नको झालं होतं.

"हा फक्त आबांचा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ह्यातून दुसऱ्या कुणी प्यायचं नाही. आई, हा बाकीच्या भांड्यांत घालायचा नाही हं. धुवायचा वेगळा, ठेवायचा पण वेगळा. पप्पांनी बाहेर पडवीत त्याच्यासाठी वेगळी फळी मारलीय."

साहेबरावांनी पडवीकडे पाहिलं. भिंतीवर खरंच एक छोटी फळी होती, रिकामी, आपल्या कपाची वाट बघत असलेली. हातातला कप कलंडला. चहा बोटांवर सांडला तरी त्यांना चटका कळला नाही. त्यांना बांधावर बसलेला बाप दिसत होता. आणि समोर नात उभी होती, तिचं तोंड आनंदाने फुललेलं.

"उचल ह्यो," ते म्हणाले.

"आबा, काय झालं?"

"उचल म्हन्तो न्हवं! मला न्हाय लागत असलं काय! कुनी सांगितलं हुतं तुला?"

आवाज केवढा चढला हे त्यांना स्वतःलाच उशिरा कळलं. कप त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि ते मागच्या दाराने बाहेर गेले, पंचाहत्तरीचा हार गळ्यात तसाच. मांडवात जो तो आपल्या चपला शोधू लागला. पिंकी खोका हातात धरून उभीच राहिली.

त्यानंतर घरात कुणी भांडलं नाही, आणि हेच वाईट. पिंकी वेळेवर जेवायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची, शेडचं नाव काढायची नाही. दीपकने एकदा बापाला विचारायचा प्रयत्न केला. साहेबराव म्हणाले, "उन्हानं डोकं फिरलं हुतं." दीपकला ते पटलं नाही, पण बापाशी वाद घालायची त्या घरात पद्धत नव्हती.

एके सकाळी राजेश्वरी भाकरी थापत होती. साहेबराव पाणी प्यायला आत आले तेव्हा ती तव्याकडे बघतच बोलली. सासऱ्याशी ती असं कधी बोलली नव्हती.

"पिंकीनं दोनाताईला नाही म्हणून सांगितलं. शेड नको म्हणाली. गाड्यांच्या शोरूमला अर्ज केलाय तिनं, बिलिंगला."

"का?"

"का म्हणून मला विचारताय, आबा?" राजेश्वरीने भाकरी तव्यावर टाकली. "म्हणते, माझ्या कामाची आमच्या घरात लाज वाटते. ज्या कामाची आबांना लाज वाटते ते मी करणार नाही. रात्री उशीत तोंड खुपसून रडते पोरगी."

साहेबराव पेला तसाच ठेवून बाहेर आले. लाज! पोरीने उत्तर काढलं ते असं काढलं. तिला सांगायचं म्हणजे कोनाडा उघडायचा. न सांगावं तर तिच्या हातातून ब्रश जाणार, आणि तो आपणच काढून घेतलेला असणार. त्या मालकीणबाईने बापाला आणि आपल्याला वेगळं ठेवलं, आणि आता तेच आपण नातीच्या वाट्याला आणतो आहोत, असं त्यांच्या मनात आलं आणि ते कट्ट्यावर जाऊन बसले.

तशा अवस्थेत त्यांना गेणबाने गाठलं. मोटरसायकल लावली, फेटा काढून मांडीवर ठेवला, आणि कारखान्याचा भाव न काढता गप्प बसला. गेणबा गप्प बसला म्हणजे काहीतरी भारी आहे हे ओळखायला शहाणपण लागत नव्हतं.

"त्या दिशी तू कप ठिवलास आन् उठलास," शेवटी गेणबा म्हणाला, "तवाच मला उमगलं."

"काय उमगलं?"

"आमच्या म्हातारीनं बी ठिवला हुता तसला. वळचनीला. गड्यांसाठी." गेणबा आपल्या हातांकडे बघत होता. "मी त्यात च्या वतलाय, सायबा. वरनं. ह्या हातानं."

साहेबरावांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्याने पहिल्या पाळीची पोरं मोटरसायकली पिटाळत कारखान्यांकडे चालली होती.

"म्हाईत हाय मला. समद्या मळ्यांवर हुतंच ते," ते म्हणाले.

"म्हाईत हुतं? मग कदी बोलला न्हाईस!"

"बोलून काय करायचं हुतं? तुज्याबरुबर डबा खायाचा हुता."

गेणबाने उगाच फेट्याची घडी मोडली आणि परत घातली. मग एकदम उठून म्हणाला, "मला न्हाय सांगितलंस ते बरं केलंस. पन त्या पोरीला सांग. आजच सांग. ऊठ, बस गाडीवर."

"मला न्हाय जमायचं, गेणबा."

"न जमायला काय झालं? पोरगी उद्या शोरूमात जाऊन बसंल आन् तू हितं कट्ट्यावर झुरशील. बस म्हन्तो!"

शेडमध्ये साहेबराव पहिल्यांदाच आले. लांब टेबलाला बायका बसल्या होत्या, रांगेत पांढरी ताटं, एकीच्या हातात निळा ब्रश, एकीच्या पिवळा. पिंकी टोकाला बसून उरलेली ऑर्डर संपवत होती. आबांना दारात बघून ती उभी राहिली, पण पुढे आली नाही. दोनाताईने दोघांची तोंडं पाहिली आणि बायकांना चहाच्या निमित्ताने बाहेर नेलं.

साहेबराव स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगितलं. कोनाडा, दोन कप, हिरवी वेल, वरून ओतलेला चहा. मळा कुणाचा ते सांगितलं नाही, पिंकीने विचारलंही नाही. आपण शाळेत केलेली फुशारकी सांगितली. बांधावरची चापट सांगताना ते अडखळले, थांबले, आणि परत पहिल्यापासून सांगू लागले.

"तू म्हनलीस, धुवायचा येगळा, ठिवायचा येगळा," ते म्हणाले. "तुजा दोष न्हाय, बाळ. पन माज्या कानात त्याच वक्ताला दादाचं बोलनं वाजलं."

पिंकी रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती भडकली.

"मला आधी का नाही सांगितलं?" ती जवळजवळ ओरडलीच. "मी फळी मारायला लावली, आबा! बाहेर, पडवीत! सगळ्या माणसांसमोर म्हणाले मी, ह्यातून दुसऱ्यानं प्यायचं नाही! पप्पांना माहीत नाही, आईला माहीत नाही, तुम्ही एकट्यानं धरून बसलात आणि आम्ही तुम्हाला कंजूष म्हणून हसतोय!"

"हसा की. हसलात म्हून काय बिघडलं?"

"मला बिघडलं!"

तिने टेबलाखालून तो कप काढला. घरातून उचलून तिने तो इथेच आणून ठेवला होता. तिचा हात वर गेला तसा साहेबरावांनी तो मनगटाशी धरला.

"फोडू नगं. हात बसलाय तुजा त्याच्यावर. चांगलं काडलंयस." इतके दिवस अडकलेला शब्द त्यांच्या तोंडून असा सहज निघून गेला. "लई चांगलं काडलंयस, पिंके. लाज कशाची वाटंल मला?"

तेव्हा मात्र ती रडली. आबांच्या खांद्यावर डोकं टेकून, हातातला रंग त्यांच्या सदऱ्याला लावत, लहानपणी रडायची तशी रडली. तो कप पुढे शेडमध्येच राहिला. बायका त्यात ब्रश उभे करून ठेवू लागल्या.

डोळे पुसून झाल्यावर साहेबराव म्हणाले, "एक काम करशील? आपल्या घरासाटी सा कप कर. नाव नगं. निशानी नगं. एकासारखा एक. कुनाचा कुटला ते कुनालाबी कळता कामा नये."

दोनाताई तोवर दारात आली होती. तिला सगळं कळलं नव्हतं, पण एवढं कळलं. तिने आपल्या हिंदी-मराठीत सांगितलं, "एक जैसा नाही होत, आबा. हात आहे, मशीन नाही. दोन कधीच सेम नाही. तेच तर ब्यूटी."

"होईल," पिंकी म्हणाली.

ते होता होता तिचा जीव मेटाकुटीला आला. प्रत्येक भांडं वेगळं दिसावं म्हणून जो हात तयार केला, तोच हात आता सारखेपणाला जुंपायचा होता. तिने नक्षी साधी केली, कडेला एक निळी रेघ आणि पोटावर एक पिवळं डाळिंब. कागदाला सुईने भोकं पाडली आणि त्यावरून कोळशाची पूड थोपटली, रांगोळीच्या छापासारखी, म्हणजे प्रत्येक डाळिंब त्याच जागी उमटावं. तरी भट्टी ऐकेना. कधी एका कपाची नीळ ओघळायची, कधी एकाचं डाळिंब तांबूस व्हायचं. बाद झालेले कप शेजारणी कुंड्या म्हणून घेऊन गेल्या. शोरूममधून बोलावणं आलं तेव्हा पिंकी कोळशाच्या हाताने फोनवर म्हणाली, मला वेळ नाही. दोनाताई दिवाळीनंतर इटलीला गेली ती शेडची किल्ली तिच्या हातात ठेवून. त्या सुमारास एकदाचा भट्टीतून मनासारखा घाणा उतरला. पिंकी प्रत्येक कपाखाली आपली सही करायची, यांच्याखाली तिने तीही केली नाही.

पहिला चहा झाला तो गेणबाच्या हजेरीत. आधीच ठरलं होतं. दुपारी तो आला, मोटरसायकल गल्लीतच आडवी लावली, आणि दोघे कट्ट्यावर बसले. राजेश्वरीने ट्रे आणला. सगळे कप सारखे, त्यामुळे साखरेचा कुठला हे तिलाच लक्षात ठेवावं लागत होतं. साहेबरावांना मधुमेह.

"गेणबातात्या, हा तुमचा. आबा, हा तुमचा बिनसाखरेचा," म्हणून तिने एकेक कप हातात दिला.

पिंकी उंबऱ्यात उभी होती. साहेबरावांनी कप फिरवून बघितला, गेणबाचा बघितला, ट्रेमधले बघितले. मग त्यांनी मान हलवली ती पिंकीला पुरली. ओठ भाजले नाहीत म्हणून त्यांना चहा जरा मिळमिळीत लागला.

अर्धा कप झाला असेल नसेल, तेवढ्यात गल्लीत सिलेंडरचा टेम्पो येऊन हॉर्न मारू लागला. गेणबाची गाडी वाटेत. दोघांनी कप कट्ट्यावर ठेवले आणि उठले. गाडी सुरू होईना तेव्हा एकाने हँडल धरलं, एकाने मागून ढकललं, टेम्पोवाल्याला दोघांनी मिळून चार शब्द सुनावले, आणि धापा टाकत परत आले.

कट्ट्यावर दोन अर्धे कप होते. शेजारी शेजारी.

"माजा कुटला रं?" गेणबाने विचारलं.

साहेबराव वाकले. रेघ बघितली, डाळिंब बघितलं. दोन्हींत चहा सारखाच उरला होता. त्यांना खरोखर कळेना. डबा वाटून खाल्ला ते वेगळं. त्यात प्रत्येकाचा घास प्रत्येकाचा होता. हा उष्टा चहा होता. आता गेणबा म्हणेल, राहू दे, सूनबाई दुसरा करील. म्हणाला तर त्यात वाईट काही नाही, कुणीही म्हणेल. साहेबरावांनी स्वतःला असं समजावलं आणि तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. उंबऱ्यात पिंकीही हलली नाही.

गेणबाने त्यातला एक उचलला आणि मोठा घोट घेतला. त्याचं तोंड वाकडं झालं.

"आयला, बिनसाखरेचा! तुजा हाय ह्यो."

कप खाली गेला नाही. त्याने आणखी एक घोट घेतला.

"काय पितोस रं हे? औशद हाय का काय?" असं म्हणत, शिव्या घालत, गेणबाने तळाचा घोटसुद्धा संपवला आणि हाताच्या पंजाने मिशा पुसल्या.

साहेबरावांनी उरलेला कप उचलला. डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्यांनी लपवलं नाही. चहा निवला होता आणि गोडमिट्ट होता.

"आबा!" आतून राजेश्वरी धावली. "अहो, तो साखरेचा आहे! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"असू दे गं," साहेबराव म्हणाले. "कुनाचा कुटला, कळलंच न्हाय."

आणि ते पीत राहिले.